तुझ्या वाट्याची कॅपसूल

प्रिय वहिनी,

'प्रिय' हा शब्द तू असताना कधी लिहिला नाही. दिराने वहिनीला असं लिहायचं नसतं, आणि तुला पत्र लिहायची गरजही नव्हती. काही सांगायचं असलं की मी पोलादपूरची एसटी पकडायचो, तिथून जीपने वर वाडीत यायचो आणि चुलीपाशी पाटावर बसून सांगायचो. आता कुठल्या पाटावर बसून सांगू?

गेल्या रविवारी वाडीत गेलो होतो. परत निघालो तेव्हा सुवर्णा, तुझी सून, पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. कमरेवर तळवा दाबून धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, पुढल्या रविवारी येताना महाडातनं गोळ्यांची दोन पाकिटं आणा. लावणी आली."

तोच तळवा, तीच जागा. दादाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणण्याची तीच रीत. माझ्यासमोर कोण उभं आहे हे क्षणभर मला कळेना. मी "बरं" म्हणालो आणि उतरणीला लागलो. वळणावर मागे पाहिलं, तर खांबाशी कोणी नव्हतं. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

घरी येऊन 'प्रिय वहिनी' एवढं लिहिलं आणि कागद तसाच राहिला. आज पुढे लिहितो आहे, कारण आज दुपारी आपल्या पडवीत जे झालं ते तुला माझ्याशिवाय कोण सांगणार?

तू या घरात आलीस तेव्हा मी शाळेत जाणारा पोर होतो आणि आई नुकतीच गेली होती. दादा मुंबईला, घरात मी आणि तू. तुझं वय तरी काय होतं? पण तू मला 'भावजी' म्हणालीस, आणि मग आयुष्यभर तेच. मला न्हाऊ घालतानाही "भावजी, डोळं मिटा" म्हणायचीस. वाडीतल्या बायका हसायच्या. तुला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. नातं मोठं, माणूस लहान, असं तुझं गणित.

पुढे मी शिकलो, महाडला शाळेत लागलो, पुस्तकांनी दोन खोल्या भरल्या. व्याख्यानं देऊ लागलो. नाते गावी, बिरवाडीला, पार खेडपर्यंत. तू एकदाच माझं भाषण ऐकायला आलीस. मी अंगारे-धुपारे, भगत, देवऋषी यांच्यावर तुटून पडलो होतो. टाळ्या संपल्यावर तू म्हणालीस, "बोललाव छान. पण कुणावर एवढं रागावलाव?"

वहिनी, आज मला माहीत आहे मी कुणावर रागावलो आहे. पण त्याला नाव नाही, चेहरा नाही, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. ते चहाच्या ताटलीतून येतं.

आपल्याकडची सावड मला तुला सांगायला नको, पण मला ती पुन्हा एकदा स्वतःला सांगून बघायची आहे. आज तुझ्या खाचरात सगळ्यांनी लावणी करायची, उद्या पारूमावशीच्या, परवा आणखी कुणाच्या. मजुरी नाही. तुझ्याकडे माणूस आलं तर तू त्याच्याकडे गेलंच पाहिजे. ताप असो, पाळी असो, गुडघा सुजलेला असो. गैरहजर राहिलेल्या बाईची रांग रिकामी दिसते आणि ती वर्षभर सगळ्यांच्या लक्षात राहते. किती सुंदर पद्धत आहे ही! मी तिच्यावर व्याख्यानं दिली आहेत. माणसाने माणसाला दिलेला शब्द, पैशावाचून चालणारी शेती, असं काय काय बोललो आहे.

त्या व्याख्यानांत एक गोष्ट कधी आली नाही. ज्याचं खाचर, त्याच्या घरचा चहा. ज्याचं खाचर, त्याच्या घरची न्याहारी. आणि ज्याचं खाचर, त्याच्या घरची गोळी.

हे कधी सुरू झालं? मला आठवतं तेव्हा नव्हतं. मुंबईकर शिमग्याला, गणपतीला येताना बिस्किटं, चहापूड आणायचे, त्यात कधीतरी दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आली. तुझा महेशही आणायचा, मोठ्या मायेने. "आई, कंबर दुखली की घे." मग एका घराने लावणीच्या सकाळी चहाच्या ताटलीत गोळ्यांची वाटी ठेवली. दुसऱ्या घराला मागे कसं राहता येईल? पानसुपारी फिरावी तशी वाटी फिरू लागली. उजाडायच्या आत, रिकाम्या पोटी, कोऱ्या चहाबरोबर एक गोळी, की दुपारपर्यंत वाकायला मोकळं. न्याहारी बांधावर यायची ती ऊन वर आल्यावर, कारण भाकऱ्या थापणारी बाईही चिखलातच असायची. वाटी नाकारणं म्हणजे त्या घरचा मान नाकारणं. आणि लावणी संपली तरी गोळी संपायची नाही. बेणणी, कापणी, झोडणी, मग लाकडं. तू रोज घेत होतीस. वहिनी, रोज.

तुझा गुडघा अगदीच बसला तेव्हा मी तुला महाडला दाखवायला आणलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, चिठ्ठी दिली. दुकानदाराने कात्रीने पाकिटं कापून कागदी पिशवीत घातली आणि पेनाने खुणा केल्या. ही गोळी जेवल्यावर. ही कॅपसूल सकाळी उठल्याबरोबर, काही खायच्या आधी. 'का' ते कोणीच सांगितलं नाही. दवाखान्यात गर्दी होती, दुकानात गर्दी होती. तू फक्त विचारलंस, "ही कॅपसूल कशाची?" दुकानदार म्हणाला, "पित्ताची." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पित्ताची! या एका शब्दाने किती माणसं मारली असतील? ज्या कॅपसूलने तुझं पोट राखायचं होतं, तिचं नाव त्याने जळजळीचं औषध असं सांगितलं. आणि तुला तर जळजळ नव्हती. जळजळ घरात कुणाला होती, ते तुला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या आषाढातलं मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तू चढावर थांबायला लागली होतीस. "दम लागतोय गो," असं तू सुवर्णाला म्हणायचीस. चेहरा पांढुरका झाला होता. उपकेंद्रातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, त्या तू घेत होतीस. मग सुवर्णाला एकदा लाजत सांगितलंस, की परसाकडला काळं होतंय, डांबरासारखं. सुवर्णा म्हणाली, "आई, रक्ताच्या गोळीनं होतं तसं. माझं पण झालं व्हतं बाळंतपणात." तिचं खोटं नव्हतं, त्या गोळ्यांनी काळं होतंच. पण डांबरासारखं चिकट, तसाच वास, सोबत चक्कर, धाप. हे वेगळं असतं हे तिला कोणी सांगितलं होतं? मला कोणी सांगितलं होतं?

पारूमावशीच्या खाचरात तू रांगेत वाकलेली होतीस. उठलीस, बांधापर्यंत गेलीस आणि ओकलीस. चहाच्या चोथ्यासारखं काळं-तपकिरी. मग खाली बसलीस, आणि म्हणे म्हणालीस, "माझी रांग कुणीतरी पुरी करा." तुझं शेवटचं धड वाक्य रांगेबद्दल असावं, याचा मला अजून राग येतो. स्वतःबद्दल एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

महाडच्या इस्पितळात मी तुमच्या आधी पोहोचलो होतो. जीपमधून तुला उतरवलं तेव्हा तुझे हात चिखलाने माखलेले होते आणि त्या चिखलाखालची नखं कागदासारखी पांढरी. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "या कुठल्या गोळ्या घेत होत्या?"

दादा म्हणाला, "कुठल्याच नाय, बाई. ती कधी आजारीच नव्हती."

दादा खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी, आपल्या अख्ख्या वाडीच्या लेखी, ती गोळी म्हणजे औषध नव्हतंच. ती चहाबरोबर यायची. चहा औषध असतो का? बाईंनी पुन्हा विचारलं, "दुखण्याची गोळी? गुडघ्याची, कमरेची?" तेव्हा सुवर्णा मागून म्हणाली, "ती तर सगळीच घेतात." बाईंनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं. रक्त मागवलं, नळी घातली, धावपळ केली. तू अंधार पडायच्या आत गेलीस.

नंतर त्या मला बाकावर बसवून बोलल्या. वहिनी, तुला जे कोणी सांगितलं नाही ते आता ऐक.

पोटात अन्न पचवणारं आम्ल असतं. ते इतकं कडक असतं की मांससुद्धा विरघळवतं. मग पोट स्वतः का विरघळत नाही? कारण आतून त्याला एक अस्तर असतं आणि शरीर ते अस्तर सतत नवं करत असतं. आपल्या जमिनीसारखं बघ. तू दर चार दिवसांनी शेणाने सारवायचीस, म्हणून जमीन धड राहायची. सारवण थांबलं की पोपडे सुटतात, मग माती उखडते, मग खड्डा. ही गोळी दुखणं आणि सूज थांबवते, पण त्याच झटक्यात आतलं सारवणही थांबवते. शरीर दोन्ही कामं एकाच जातीच्या रसायनांकडून करून घेतं, आणि गोळी आपल्या सोयीची, गैरसोयीची असा भेद करत नाही. खड्डा पडतो. खड्ड्यात रक्ताची नस उघडी पडते.

"पण तिचं पोट दुखत नव्हतं," मी म्हणालो.

"पुष्कळांचं दुखत नाही," बाई म्हणाल्या. "दुखलं असतं तरी त्या दुखण्याची गोळीच घेत होत्या ना?"

पहारेकऱ्याला अफू चारून झोपवावं आणि मग घर लुटलं जावं, तसं झालं हे. तू घरातच होतीस आणि तुला पत्ता नव्हता.

मग बाईंनी विचारलं, "गोळीबरोबर पोटाची कॅपसूल दिली नव्हती का कोणी? रोज घेणाऱ्याला, त्यात वय झालेल्याला, ती द्यावीच लागते. अशी माणसं बहुतेक वाचतात."

मी म्हणालो, "दिली होती." चिठ्ठी लिहिली तेव्हा मी शेजारीच होतो. मग ती घेऊनही असं कसं झालं? या प्रश्नाने मला दहा-बारा दिवस झोपू दिलं नाही.

उत्तर तेराव्याला मिळालं. पाहुणे उठले होते. दादा पडवीत एकटा बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "सुध्या, एक काम कर. ती सकाळी उठली की माझ्या हातावर एक कॅपसूल ठेवायची. त्यानं माझी छातीतली आग पार गेली व्हती बघ. आता कोण ठेवणार? दुकानातनं तेवढी आणून दे. नाव तिला ठावं होतं, मला नाय." आणि त्याने उशाखालचं कापलेलं पाकीट माझ्या हातात दिलं.

त्यावर तुझ्यासाठी केलेली पेनाची खूण होती.

सुवर्णाला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "आईच द्यायच्या की बाबांना. म्हणायच्या, मला कुठं पित्त हाय? ह्यांची रात्र आगीत जाते." तू चार महिने, सहा महिने, किती काळ स्वतःचं अस्तर दादाच्या तळहातावर ठेवत होतीस, वहिनी? त्याने ते पाण्याबरोबर गिळलं आणि तो बरा झाला. आणि तू, तो बरा झाला म्हणून खूष झालीस. दुकानातून पुन्हा पुन्हा आणायला लावलीस, दोन्ही पाकिटं. गोळी तुला, कॅपसूल त्याला.

रागावू का तुझ्यावर? आज एकदा रागावतो. तुझ्या शोकसभेत सगळे म्हणाले, किती सोशिक बाई, कधी कुणाला त्रास नाही, स्वतःचं दुसऱ्याला दिलं. मला उठून ओरडावंसं वाटलं, की ही स्तुती थांबवा. या स्तुतीवर आणखी एक पिढी वाढते आहे. बाईने आपल्या ताटातलं काढून नवऱ्याच्या ताटात घालायचं, हे आपण इतकं पवित्र करून ठेवलं आहे, की औषधसुद्धा तिला ताटातलीच गोष्ट वाटते. भाकरीचा अर्धा तुकडा देता येतो, वहिनी. कॅपसूल देता येत नाही. ती ज्याच्या नावाची त्याचीच असते.

पण ओरडलो नाही. समोर दादा बसला होता.

आणि तिथूनच माझी जीभ गेली. गेलं वर्षभर मी बोलतो, लोक टाळ्या वाजवतात, पण तू मला बोलू देत नाहीस. बिरवाडीला बायकांच्या कष्टांवर बोलत होतो. मंडपाच्या शेवटी, खुर्च्यांमागे, तू उभी. डोक्यावर पदर, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला वाक्य सुचेना. कोणी औषधाच्या पाकिटातून गोळी बाहेर काढली, की तो चुर्र आवाज माझ्या मानेवर काटा आणतो. दुकानात, एसटीत, शिक्षकांच्या खोलीत. प्रत्येक वेळी वाटतं, कोणाच्या तरी घरी आता एक रांग रिकामी होणार.

दादाला मात्र मी कॅपसूल आणून देत राहिलो, काही न सांगता. तुझी खूण नसलेलं नवं पाकीट. सांगू कसं? ज्याने बायको गमावली, त्याला सांगू की तिला वाचवणारी गोळी त्याच्या पोटात गेली? जगाला सत्य सांगायला निघालेला मी, आणि घरच्या पडवीत माझी दातखिळी बसली. मग सुवर्णा कमरेवर तळवा ठेवून उभी राहिली. दादाला वाचवायचं तर गप्प राहायला हवं. सुवर्णाला वाचवायचं तर बोलायला हवं. कुणाला निवडायचं, सांग ना.

आज गेलो. पाकिटं नेली नाहीत.

सावडीत कुणाचं खाचर कधी, हे ठरवायला बायका आपल्याकडे जमल्या होत्या. पत्र्यावर पाऊस. दादा कोपऱ्यात खाटेवर. सुवर्णा चहाची ताटली घेऊन आली आणि ताटलीत कपांच्या मधे वाटी. मी नाही आणली तर, म्हणून तिने आधीच पोलादपूरहून मागवली होती. लावणी अजून लागायची होती, पण बसलेल्यांपैकी कुणाची कंबर आजच दुखत असणार, म्हणून मान द्यायचा.

मी वाटीवर हात ठेवला. "ही आत ने."

मग पारूमावशी म्हणाली, "का ओ गुरुजी, गोळी म्हाग झाली काय?"

बायका हसल्या. मी बोलायला उभा राहिलो, तर ती म्हणाली, "आज भाषण हाय व्हय? आदी सांगायचं तरी. हार आणला असता."

मी सारवणाचं सांगितलं. अस्तर, खड्डा, काळं पडणं, सगळं. जमिनीचं उदाहरण त्यांना पटलं, माना हलताना दिसल्या. एक जण म्हणाली, "मी तर पोलादपूरला जाऊन सुई टोचून घेते. ती कुठं पोटात जाते?" मी सांगितलं, सुई रक्तात जाते आणि रक्त पोटालाही जातं. सारवण तिथूनही थांबतं. भरल्या पोटी घेतली की झालं का, असं दुसरीने विचारलं. म्हटलं, भरल्या पोटी बरं, पण तेवढ्याने अस्तर वाचत नाही.

पारूमावशी मिश्रीचा हात झटकत म्हणाली, "आमी काय आज खातोय काय गोळी? गोळीनं मरायचं असतं तर अख्खी वाडी मेली असती. तुमच्या वयनीचा काळ आला, देवानं नेली. गोळीला कशाला बोल लावताव?"

मी चिडलो. तू ओळखतेस ते चिडणं. म्हणालो, "देवाने नाही नेली. तंबाखू लावणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या, रोज गोळी खाणाऱ्या बाईचं पोट आधी फाटतं. सगळ्यांचं फाटत नाही म्हणूनच तुम्हाला ते कळत नाही. आणि वहिनीला वाचवायला औषध होतं. घरात होतं. तिच्याकडे..."

आणि मी थांबलो.

खाटेवरून दादा म्हणाला, "तिच्याकडं काय, सुध्या?"

"काही नाही, दादा."

"वाक्य अर्धं सोडायची तुला सवय नाय."

सुवर्णाने ताटली जमिनीवर ठेवली. तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने तोंडाला पदर लावला.

दादा खाटेवरून पाय खाली सोडून बसला. "ती सकाळची कॅपसूल," तो म्हणाला. "ती तिची व्हती काय?"

वहिनी, मी नुसती मान हलवली. इतक्या सभा जिंकलेल्या माणसाला 'हो' म्हणता आलं नाही.

दादाने खाटेची कड धरली. मग उठला. तुला माहीत आहे, तो कधी चार माणसांत बोलत नाही, महेशच्या लग्नातसुद्धा आभार मला मानायला लावले. तो बायकांच्या मधे येऊन उभा राहिला, हात पुढे बांधून, देवळात उभा राहतो तसा.

"पारू," तो म्हणाला, "देवाला मधी आणू नको. मला आग व्हत व्हती. तिचं रगत जात व्हतं. डाक्टरनं औषध तिला दिलं, तिनं मला दिलं, मी खाल्लं. मला ठावं नव्हतं. तिलापण ठावं नव्हतं. आता तुमाला ठावं झालं. ह्या घरचा चहा भरपूर प्या. गोळी मिळायची नाय."

एवढंच. मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात छोटं भाषण. आणि कोणी टाळी वाजवली नाही.

पारूमावशीने विचारलं, आणि टोमणा नव्हता त्यात, "मंग दुखलं तर काय करायचं, गुरुजी? दुखतं तर खरंच."

या प्रश्नाला माझ्याकडे घोषणा नव्हती. मी साधं बोललो. म्हणालो, दुखतं हे खोटं नाही, आणि सोसा असं मी सांगणार नाही. पोटाला कमी त्रास देणारी दुसरी गोळी असते, मलम असतं, शेक असतो. हीच गोळी लागणार असेल तर किती दिवस, कुठली, आणि बरोबर पोटाची कॅपसूल हवी का, हे डॉक्टरला विचारून. दोन जातीच्या दुखण्याच्या गोळ्या एकत्र नाहीत. ज्यांना आधी पोटात जखम झाली आहे, जे हृदयाची रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांनी तर न विचारता एकही नाही. काळं झालं, चक्कर आली, धाप लागली, तर लाजायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ. सुवर्णा मधेच म्हणाली, "आणि भाकरी खाल्ल्याबिगर कुणी चिखलात उतरायचं नाय. उजाडल्यावर उतरू. काय एक खाचर मागं राहील." कुणाची रांग मागे राहिली तरी चालेल, असं आपल्या वाडीत मी पहिल्यांदा ऐकलं.

तुला सगळं गोड सांगून फसवत नाही. उठताना दोघींनी वाटीतल्या गोळ्या पदराला बांधून नेल्या. मी पाहिलं. दादानेही पाहिलं. पण पारूमावशीने आपली गोळी वाटीत परत टाकली, आणि पुढच्या आठवड्यात महाडला येते म्हणाली.

आणि दादा? बायका गेल्यावर त्याने उशाखालून पाकीट काढलं आणि माझ्या खिशात कोंबलं. "घेऊन जा. ही तिची हाय." मी सांगितलं, "दादा, हे नवं आहे, तुझ्यासाठीच आणलेलं." त्याने मान फिरवली. "मला नको. आग होऊ दे." पाऊस थांबेपर्यंत तो तसाच भिंतीकडे तोंड करून होता. मी जवळ बसलो, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनी, मला सगळ्यात जास्त जे भीतीदायक वाटत होतं ते हेच. तू गेलीस, आणि आता तो तुझ्या मागोमाग स्वतःला जाळायला निघाला आहे. हेही सोसणंच आहे ना? फक्त या वेळी पुरुषाचं.

तर हे माझं वचन. बुधवारी मी शाळेला रजा टाकून जीप घेऊन वर येतो. सुवर्णाला आणि दादाला, दोघांना एकाच वेळी डॉक्टरीणबाईंकडे नेतो. सुवर्णाच्या कमरेला काय झालंय ते तिला नीट कळू दे, आणि दादाच्या छातीतल्या आगीचं खरं कारणही एकदा तपासू दे. जी गोळी मिळेल ती कशासाठी, कधी, किती दिवस, हे दोघांना बाईंच्याच तोंडून ऐकवीन, आणि कळेपर्यंत उठू देणार नाही. आणि मग सकाळी दादाच्या हातावर त्याची कॅपसूल सुवर्णा ठेवणार नाही, मी ठेवणार नाही. ती त्याने स्वतःच्या हाताने घ्यायची, स्वतःसाठी. तो ती घेईपर्यंत मी त्याच्याशी भांडेन, तू माझ्या भाषणानंतर विचारलंस तसं त्याने 'कुणावर एवढा रागावलास?' विचारलं तरी भांडेन.

तू मात्र आता कुणाला काही देऊ नकोस. बस एके जागी.

तुझाच,
सुधीर भावजी